मास्तरांच्या गाडीवरच्या पाकळ्या

मास्तरांची गाडी गॅरेजच्या फाटकातून आत शिरली तेव्हा आत्या नळाशी ब्रश धूत बसली होती. भाच्यानं दंडाला धरून मागं खेचलं म्हणून ती वाचली. बादली नाही वाचली. ती चाकाखाली जाऊन पार चपटी झाली, आणि वर गाडीची काच खाली करून मास्तरांनीच आवाज चढवला, "ही मधे कुणी ठेवली?"

आता बादली मधे होती का? अजिबात नव्हती. गॅरेज सुरू झालं तेव्हापासून ती नळाखाली, भिंतीला टेकून असते. पण हे मास्तरांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? तिथल्या निम्म्या माणसांना गाडी चालवायला मास्तरांनीच शिकवलं होतं. नुसते तिथलेच नव्हे, गावातले डॉक्टर, वकील, ट्रकवाले, सगळे कधी ना कधी मास्तरांच्या शेजारी बसून घामाघूम झालेले. तेव्हा भाचा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, मास्तर."

शेजारच्या सीटवरून मास्तरांचा मुलगा उतरला. औषधांचं दुकान चालवणारा, पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि दारावरची कडी सोडायला त्याच्या हाताला जरा वेळच लागला. आत्यानं तो हात बघून ठेवला.

"मागच्या चाकावर गंज धरलाय," मास्तर म्हणाले. "तेवढा काढा आणि पॉलिश मारा. किल्ली माझ्याकडे राहील. हलवायची झाली तर ढकला." किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात गेली. त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे, पोटच्या पोराचासुद्धा. शिकवायची गाडी वेगळी होती, ती क्लास बंद झाल्यावर विकली. ही त्यांची स्वतःची. जुनी, गोल पाठीची, गडद हिरवी, आणि पत्र्याला असा बाक की बघणाऱ्याचा हात आपोआप त्यावरून फिरावा.

आत्याची ओळख सांगायची तर ती भाच्याची सख्खी आत्या, पण आता सगळ्या गॅरेजची आत्या झालेली. रंगकामाचं हे गॅरेज तिच्या भावानं काढलं. भाऊ गेला, भाचा चालवायला लागला, आत्या होती तिथंच राहिली. पत्रा ठोकणारे ठोकतात, रंग फवारणारे फवारतात, आणि सगळं झाल्यावर आत्या येते. लांब केसांचा, टोकाला वाकडा असा तिचा ब्रश. त्यानं ती गाडीच्या अंगावरून रेघ ओढते, दोऱ्याएवढी बारीक, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. करंगळी पत्र्यावर टेकवायची, श्वास रोखायचा आणि एकेक पाऊल मागं सरकत जायचं. तेवढा वेळ तिला जगात कशाचीच भीती वाटत नसे.

बाकीचा सगळा वेळ वाटत असे. आत्याला काळजी करायला कारण लागायचं नाही. रस्त्यानं जाताना ती वर बघत चालायची, न जाणो कुणाच्या गॅलरीतली कुंडी डोक्यात पडली तर. वर बघण्याच्या नादात एकदा गटारात पाय गेला, तेव्हापासून ती वरही बघायची आणि खालीही, त्यामुळं समोरून येणाऱ्या माणसावर आदळायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आत्याच्या वैऱ्याला तर तिनं कामच ठेवलं नव्हतं. गॅरेजातली मंडळी पाठीमागं तिला धसकाआत्या म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि कधीतरी ते तोंडावर म्हणतील याचीही तिनं काळजी करून ठेवली होती.

दुपारी मास्तरांचा मुलगा एकटाच परत आला. "आत्या, बाबांच्या गाडीवर पाकळ्या काढायच्यात," म्हणाला.

पाकळ्या म्हणजे स्कॅलप. गाडीच्या नाकापासून निघून मागं निमुळते होत जाणारे लांबलांब पट्टे, वेगळ्या रंगाचे, टोक सुईसारखं. त्यांच्या कडेनं मग बारीक रेघ. आता असलं काम करून घेतंय कोण? लोक छापील स्टिकर आणून चिकटवतात आणि दोन पावसाळ्यांत ते सोलून निघतात. खरं म्हणजे आत्याचा आनंद गगनात मावायला नको होता. हिरव्यावर साय-रंगाच्या पाकळ्या आणि कडेला लाल रेघ, हे तिच्या डोळ्यांसमोर उभंसुद्धा राहिलं. पण मनात पाल चुकचुकली.

"मास्तरांनी सांगितलंय?"

"नाही. त्यांना सरप्राईज."

"मग नाही जमायचं. मी गाडी चालवणाऱ्याला आत बसवल्याशिवाय काम करत नाही."

ही तिची रीत होती. आधी सगळ्या पाकळ्या टेप लावून गाडीवर आखायच्या. मग जो गाडी चालवणार त्याला स्टिअरिंगमागं बसवायचं आणि विचारायचं, मधलं टोक कुठं येतंय? कारण बाहेरची माणसं गाडी क्षणभर बघतात आणि चालती होतात. बॉनेट जन्मभर बघतो तो चालवणारा. तो एका अंगाला बसलेला असतो, त्यामुळं बाहेरून अगदी मधोमध असलेलं टोक त्याला आतून तिरकं दिसतं. काही माणसं तर बॉनेटचं टोक आणि रस्त्याची कड यांचा मेळ घालूनच गाडी हाकतात. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर भलतीकडं टोक रंगवलं आणि त्यानं त्याच अंदाजानं गाडी नेली तर? या विचारानं आत्यानं आजवर किती पाकळ्या सोलून पुन्हा आखल्या, त्याला गणती नाही.

"मी बसतो ना आत," मुलगा म्हणाला.

"तुम्ही चालवणार आहात?"

तो एका रिकाम्या डब्यावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू? कुणीच चालवू नये म्हणून हे करतोय. बाबांना नीट दिसत नाही आत्या. डॉक्टरकडं येत नाहीत, विषय काढला की दोन दिवस जेवत नाहीत. मागं फाटकाचा खांब ठोकला आणि म्हणाले, खांब बाहेर आलाय. मला रोज वाटतं, आज फोन येणार. बाबांनी कुणाला तरी..." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मग म्हटलं, गाडी इतकी देखणी करायची की बाहेर काढायला त्यांचा जीवच होऊ नये. ओरखडा पडेल, धूळ बसेल. झाकून ठेवतील, रविवारी पुसत बसतील."

आत्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. "अहो, पण नवे कपडे घातलेला माणूस घरात बसतो होय? गाडी देखणी झाली की दाखवायला आधी बाहेर काढतील!"

मुलगा डब्यावरून उठला आणि म्हणाला, "मग मी काय करू ते तरी सांगा."

तो गेल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, तू आपली रेघ ओढ. त्यांच्या घरचं ते बघून घेतील."

"बादली बघितलीस?"

"बघितली."

"तिच्याशेजारी मी होते."

चपटी बादली भाच्यानं उचलली आणि भंगारात टाकली.

तरी आत्यानं काम घेतलं. का घेतलं, हे कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, पाकळ्यांच्या मोहानं. मोह होताच, खोटं कशाला बोला. पण तिचा हिशेब दुसरा होता. जोवर गाडीला टेप लागते आहे, तोवर गाडी रस्त्यावर नाही. आणि टेप लावण्यात वेळ काढायचा तर त्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिनं आधी गाडी धुतली, मेण काढलं, मग हातानं चाचपत सगळ्या बाजूंनी फिरली. चालवणाऱ्याच्या बाजूला पत्रा आरशासारखा साफ. दुसऱ्या बाजूला आली आणि तिची बोटं थबकली. पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत चरे, पोचे, घासल्याच्या खुणा. पांढऱ्या खुणा फाटकाच्या खांबाच्या. एक पिवळी, ती बहुतेक रस्त्याकडेच्या दगडाची. मुलगा एका खांबाचं बोलला होता. इथं तर खांबांची रांग होती. आणि मागच्या दाराखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बारीक निळी रेघ पत्र्यात घासून बसलेली. खांब निळा नसतो. दगड निळा नसतो. सायकल असते.

आत्या तिथंच फरशीवर बसली. त्या निळ्या रंगावरून तिनं नख फिरवलं, मग रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसायला गेली आणि हात मागं घेतला. पुसून टाकणारे आपण कोण? सायकलवरच्या माणसाचं काय झालं असेल? उठला असेल का? मास्तरांना कळलं तरी असेल का? ती त्या दिवशी जेवलीच नाही. डब्यातली पोळी भाच्यानं खाल्ली.

रोज सकाळी गॅरेजातला फोन वाजायचा. "झाली का गाडी?" पलीकडून मास्तर. भाचा म्हणायचा, "मास्तर, गंज खोल गेलाय." दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "मास्तर, प्रायमर वाळतोय." आत्या हातातली टेप तशीच धरून ऐकत उभी राहायची. "मला फसवताय का रे?" मास्तर फोनवरच ओरडायचे. "तयार झाली की सांगा. मी स्वतः येऊन घेऊन जाणार." फोन ठेवल्यावर भाचा आत्याकडं बघायचा, आणि आत्या आदल्या दिवशी लावलेल्या टेपांतली एक सोलून काढायची. जरा जाड दिसतेय म्हणायची. किंवा जरा बारीक.

काम करताकरता तिला तिचे शिकायचे दिवस आठवायचे. भावाच्या हट्टापायी ती मास्तरांच्या क्लासला गेली होती, तेव्हा तरणीताठी होती. मास्तर शेजारच्या सीटवर, त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. "सोड क्लच," ते म्हणायचे, "मी बघतोय." आत्याचा पाय काही उठायचा नाही. बाकीची पोरंपोरी तिला हसायची. "भीती वाटते, मास्तर," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. मास्तर हसले नाहीत. "वाटू दे की," ते म्हणाले. "घाबरणाऱ्याच्या हातून माणूस मरत नाही. ज्याला भीती वाटत नाही ना, त्याला मी खाली उतरवतो." आत्या गाडी चालवायला शिकली, पण पुढं तिनं कधी चालवली नाही. मात्र तिच्या भित्रेपणाला उभ्या आयुष्यात चांगलं म्हणणारा तो एकच माणूस, हे ती विसरली नव्हती.

आता त्याच माणसाला गाडीतून खाली कोण उतरवणार? मुलानं नाही, भाच्यानं नाही. आपण? छे! या विचारानंच तिचं धाबं दणाणायचं.

एकदाच्या पाकळ्या आखून झाल्या. बाजूच्या पाकळ्यांची टोकं तिनं अशी ओढली होती की पोच्यांवरूनच ती निमुळती व्हावीत. बॉनेटवर तीन, मधली सगळ्यांत लांब. गाडी दाराशी ढकलून उन्हात आणली तेव्हा रंगवाले काम सोडून बघायला आले. "आत्या, झक्कास!" एकजण म्हणाला. आत्यानं मात्र आत जाऊन स्टिअरिंगमागून बघितलं, आणि तिला नवीनच काळजी लागली. साय-रंग बॉनेटवर आला की ऊन त्यावरून उसळून थेट डोळ्यांत येणार. आधीच ज्याला दिसत नाही त्याच्या डोळ्यांत आपण आपल्या हातानं ऊन मारायचं? खाली उतरून तिनं बॉनेटवरच्या तिन्ही पाकळ्या भराभरा सोलून काढल्या, टेपचा गोळा करून एप्रनच्या खिशात कोंबला आणि चहा प्यायला गेली.

चहा अर्धा झाला असेल नसेल, फाटकाशी टॅक्सी थांबली आणि मास्तर उतरले. एकटेच. भाचा धावत पुढं गेला. त्याला खोटं बोलायची तयारी करायला वेळ मिळाला नाही, आणि मास्तरांसमोर त्याला आयत्या वेळी कधीच काही सुचलेलं नव्हतं, गाडीच्या परीक्षेतही नाही. "मास्तर, ते पाकळ्या, तुमच्या मुलानं सांगितलं, सरप्राईज..." असं सगळं त्यानं एका दमात ओकून टाकलं.

"पाकळ्या?" मास्तर म्हणाले. आत्याला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण म्हाताऱ्याच्या मिशीत हसू आलं. "माझ्या गाडीला नटवताय होय रे? कुठाय ती रेघवाली?"

"इथंच आहे, मास्तर."

"तू ती ना, क्लच सोडायला घाबरणारी?"

"तीच."

मास्तर गाडीशी आले, सवयीच्या हातानं दार उघडून आत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कपाळ जरा पुढं काढून त्यांनी समोर बघितलं. आणि आत्या, जिनं गॅस बंद आहे का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून शंभरदा घरी परत जावं, ती आत्या त्या क्षणी साफ विसरली. इतक्या वर्षांची सवय. गाडी चालवणारा आत बसला की तिच्या तोंडून जो प्रश्न यायचा तोच आला.

"मधलं टोक कुठं येतंय, मास्तर?"

"अगदी मधोमध," मास्तर म्हणाले. "सुतात. तुझा हात चांगला आहे हं."

आत्या बॉनेटकडं वळली. बॉनेट मोकळं होतं. सगळं हिरवं, टेपचा एक तुकडाही नाही. टेप तिच्या खिशात होती.

तिला वाटलं, बरं म्हणावं आणि निघून जावं. वाटलं, भाच्याला हाक मारावी. मास्तर अजून समोर बघत होते, चेहरा खुश, मान थोडी वाकडी, नसलेल्या पाकळ्या न्याहाळणारी. त्यांना खोटं पाडायचं? ज्या माणसानं आपली लाज राखली त्याची लाज काढायची? पण मग तिला दाराखालची ती निळी खूण आठवली.

"मास्तर," ती म्हणाली. "बॉनेटवर काही नाहीये. मी मघाशीच सगळ्या टेपा काढल्या. मी विसरले. तुम्हाला पकडायला नाही हो विचारलं, शपथ, मी खरंच विसरले."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "मला शिकवतेस? तू? जिला दुसरा गिअर टाकता येत नव्हता?"

"नव्हता येत."

"मग?"

"मग काही नाही." तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "मागच्या दाराखाली निळा रंग आहे, मास्तर. सायकलचा. मी पुसला नाही."

आत कुणीतरी कॉम्प्रेसर चालू केला आणि भाच्यानं ओरडून तो बंद करायला लावला. मास्तरांचे हात अजून स्टिअरिंगवर होते, पण आता नुसते ठेवल्यासारखे.

"बाई होती," ते अखेरीस म्हणाले. "पडली. मी थांबलो. ती उठली, मला चांगल्या शेलक्या शिव्या दिल्या आणि गेली. इतक्या शिव्या दिल्या म्हणजे लागलं नसेल फार, असं मी मनाला समजावलं." ते थांबले. "तुला काय वाटतं, मी घाबरत नाही? रोज घाबरतो. फाटकाबाहेर काढताना पाय लटपटतात माझे."

"मग कशाला काढता?"

"किल्ली दिली की संपलं, बाई. मग 'बाबा तुम्ही बसा.' पाणी हवंय? बाबा तुम्ही बसा. दिवा लावायचाय? बाबा तुम्ही बसा. दिवसभर मला बसवून ठेवतील ते. चांगली आहेत पोरं, म्हणून तर ठेवतील."

आत्याला त्यांची इतकी दया आली की तिनं ओठच चावला. तरी ती म्हणाली, "मुलाला तुम्ही सांगा, मास्तर. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. मला धीर होणार नाही, पण सांगेन."

मास्तर उतरले. दाराला धरून उभे राहिले तेव्हा त्यांची बोटं दारावरच्या टेपवर पडली. ती त्यांनी थोडी पुढं सरकवली, मागं आणली. "रेघ अशी हाताला लागते का गं?"

"टेपएवढी नाही. पण इनॅमलचा रंग पत्र्यावर जाड उभा राहतो. बोट फिरवलं तर कळतं."

"मग काढ. बॉनेटवरसुद्धा. आणि मधे कुठं तुटू देऊ नकोस."

ते टॅक्सीत बसून गेले. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली.

आता बघा, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मास्तर हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. सांगितलंय त्यांनी मुलाला? मुलगा एकदा रंग बघायला आला, पण त्याच्या तोंडावरून काही कळेना. आत्यानं त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरांना तिनं मनोमन मुदत दिली होती, ती गाडी न्यायच्या दिवसापर्यंतची. ती मोडली तर म्हाताऱ्याचा उरलासुरला मान आपण मोडला असं होणार. आणि नाही मोडली, आणि ते सरळ गाडीत बसून निघाले तर? चाकासमोर आडवं पडायचं? तेही तिनं मनात करून बघितलं. कुठल्या बाजूला डोकं करावं, इथपर्यंत विचार गेला.

रंग मात्र सुरेख बसला. टेप सोलल्यावर पाकळीची कड कितीही जपा, कुठंतरी कुरतडलेली राहतेच, ती झाकायला रेघ असते. दर वेळी आत्या एक बाजू पुरी करायची, मग दुसरी वेगळी सुरू करायची. या वेळी तिनं लाल रेघ गाडीच्या नाकापासून उचलली, चालवणाऱ्याच्या बाजूनं पाकळीच्या कडेनं दारावरून मागं नेली, डिकीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं पुढं आणून जिथं सुरू केली तिथंच मिळवली. ब्रश कितीदा तरी रंगात बुडवावा लागला, पण जोड कुठं दिसत नव्हता. तेवढं काम होईपर्यंत तिला भीती वाटली नाही. ब्रश खाली ठेवला आणि ती पुन्हा येऊन मानगुटीवर बसली.

गाडी न्यायच्या दिवशी मास्तर मुलाबरोबर आले. आत्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. मुलाचा चेहरा पहिल्या दिवशी होता तसाच, घामेजलेला. म्हणजे सांगितलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, "मास्तर, तुम्ही जर..."

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी गाडी बघू दे."

त्यांनी किल्ली खिशातून काढून मुठीत घेतली. दुसऱ्या हाताचं बोट गाडीच्या नाकावर टेकवलं, चाचपत रेघ शोधली आणि चालायला लागले. हळूहळू. बोट मडगार्डवरून वर गेलं, पाकळीच्या कडेनं खाली आलं, चालवणाऱ्याच्या दारावर आलं. दाराच्या मुठीखाली येऊन थांबलं.

गॅरेजात कुणी हललं नाही. मुलानं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबला. आत्यानं नळाखालची नवी बादली उचलून छातीशी धरली होती, पाण्यानं भरलेली, आणि साडी भिजतेय याचं तिला भान नव्हतं.

बोट पुढं सरकलं. दार मागं राहिलं. मास्तर डिकीला वळसा घालून पलीकडं गेले, तिथं बोटाखाली रंगाआडचे पोचे लागले असणार, पण ते थांबले नाहीत. शेजारच्या सीटच्या दाराशी आले, दार उघडलं आणि आत बसले. बसून उजवा पाय त्यांनी नकळत पुढं दाबून बघितला, तिथं ब्रेक नव्हता.

"तू मला सरळ विचारलं का नाहीस रे?" त्यांनी खिडकीतून मुलाला विचारलं.

"तुम्ही दिली असती किल्ली?"

"नसती दिली." त्यांनी मूठ खिडकीबाहेर काढून उघडली. "धर."

मुलगा स्टिअरिंगमागं बसला. या गाडीच्या त्या जागेवर तो जन्मात पहिल्यांदा बसत होता. इंजिन सुरू झालं, गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली. मुलानं घाबरून शेजारी बघितलं.

"भीती वाटते?" मास्तरांनी विचारलं.

"हो, बाबा."

"वाटू दे. बरं असतं ते." मास्तर ताठ बसले, डोळे समोर, बॉनेटकडं. "आता सोड क्लच. मी बघतोय."